पाण्याखालचे फोटो हिरवट आणि धूसर का येतात? मोबाईलवर ते सुधारायचे कसे?

मालवण-तारकर्लीची ट्रिप ठरली, स्नॉर्केलिंग केलं, तोंडाला मास्क लावून पाण्यात डोकं घातलं आणि समोर काळ्या पट्ट्यांचे पिवळे मासे! भराभर फोटो काढले. रात्री रूमवर येऊन बघतो तर काय, सगळं हिरवं. मित्राचा चेहरा हिरवा, लाल टी-शर्ट काळपट, आणि मासे तर जणू ताकात बुडालेले. मग एखाद्या अ‍ॅपमधला फिल्टर मारायचा, तर फोटो हिरव्याचा थेट जांभळा होतो. शेवटी वैतागून डिलीट.

ओळखीचं वाटतंय ना? यात तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याचा फारसा दोष नाही. दोन लाखांचा कॅमेरा नेला तरी पाणी तोच खेळ खेळतं. फरक एवढाच, की ज्याला हा खेळ कळलाय तो आधीच तयारी करतो.

या लेखात आपण तीन गोष्टी बघणार आहोत: पाणी फोटोचं नक्की काय करतं, फोटो काढतानाच काय काळजी घ्यायची, आणि नंतर मोबाईलवर एडिटिंग कसं करायचं. एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. एडिटिंग अ‍ॅप हरवलेला रंग कुठून तरी शोधून आणत नाही. फोटोत जेवढा रंग शिल्लक आहे तेवढाच ते वर उचलतं. म्हणून निम्मं काम पाण्यातच करावं लागतं.

पाणी रंग कसे खातं?

सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात हे आपण शाळेत शिकलोय. हा प्रकाश पाण्यात शिरला की पाणी त्यातले रंग शोषू लागतं, पण सगळे सारखे नाही. लाल रंग सगळ्यात आधी जातो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यात लांबपर्यंत टिकतो.

अगदी शुद्ध, स्वच्छ पाण्यातसुद्धा लाल प्रकाश दर मीटरला साधारण ३० टक्के कमी होतो. हिरवा ५-६ टक्के, आणि निळा १ टक्क्याच्या आसपास. म्हणजे सुरुवातीला प्रत्येक रंग १०० धरला, तर किती उरतो बघा:

- १ मीटरनंतर: लाल ७०, हिरवा ९५, निळा ९९
- ३ मीटरनंतर: लाल ३४, हिरवा ८४, निळा ९७
- ५ मीटरनंतर: लाल १७, हिरवा ७५, निळा ९५
- १० मीटरनंतर: लाल ३, हिरवा ५७, निळा ९१

हे झालं शुद्ध पाण्याचं. समुद्रात गाळ, शेवाळ आणि इतर गोष्टी मिसळलेल्या असतात, त्यामुळे तिथे तर प्रकाश याहून लवकर संपतो.

आता यातली खरी गंमत. हे मीटर फक्त खोलीचे नाहीत! प्रकाश वरून खाली माशापर्यंत येतो आणि माशावरून उडून तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत येतो. हा सगळा प्रवास पाण्यातून होतो. मासा ३ मीटर खोल आणि तुम्ही त्याच्यापासून २ मीटर लांब असाल, तर हिशोब ५ मीटरचा. तुम्ही पुढे सरकून अर्ध्या मीटरवर आलात, की तोच हिशोब साडेतीन मीटरचा होतो. नुसतं दीड मीटर पुढे सरकल्यावर फोटोतला लाल रंग जवळपास पावणेदोन पट वाढला. कुठलंही अ‍ॅप न वापरता!

मग प्रश्न पडतो, आपल्या डोळ्यांना तिथे असताना एवढं हिरवं का दिसत नाही? कारण आपला मेंदू आजूबाजूच्या प्रकाशाशी जुळवून घेतो आणि रंग आपोआप थोडे दुरुस्त करून दाखवतो. फोनमधला ऑटो व्हाइट बॅलन्सही तेच करायचा प्रयत्न करतो, पण तो ऊन, सावली, ट्यूबलाइट, पिवळा बल्ब अशा जमिनीवरच्या प्रकाशासाठी बनवलेला असतो. पाण्याखाली तो गोंधळतो.

कुठे पाणी निळं, कुठे हिरवं. असं का?

अंदमान किंवा लक्षद्वीपचे फोटो निळे दिसतात आणि आपल्या कोकण किनाऱ्याचे हिरवे. कारण किनाऱ्याजवळच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती जास्त असतात, आणि नद्या-खाड्यांमधून कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश आलेला असतो. या दोन्ही गोष्टी निळा प्रकाशही शोषून घेतात. लाल पाण्याने खाल्ला, निळा यांनी खाल्ला. उरला कोण? हिरवा.

हे लक्षात ठेवा, कारण एडिटिंग करताना याचा उपयोग होणार आहे. इंटरनेटवरच्या बऱ्याच ट्यूटोरियलमध्ये निळ्या पाण्याचे फोटो घेतलेले असतात. त्यांच्या सेटिंग मालवणच्या फोटोला जशाच्या तशा लावल्या, तर फोटो बिघडतो.

धूसरपणा कुठून येतो?

रंग जाणं ही एक अडचण. दुसरी अडचण म्हणजे फोटोवर पसरलेला दुधी पडदा.

पावसाळ्यात आंबोली घाटातून गाडीने गेला असाल तर तुम्हाला हे लगेच समजेल. दाट धुक्यात गाडीचा अप्पर लाइट लावला की रस्ता दिसायच्या ऐवजी समोर पांढरी भिंतच उभी राहते. लाइट धुक्याच्या थेंबांवर आपटून परत आपल्याच डोळ्यांत येतो.

पाण्यात धुक्याच्या जागी वाळूचे आणि गाळाचे बारीक कण असतात. सूर्याचा प्रकाश त्यांच्यावर पडून कॅमेऱ्यात शिरतो आणि फोटो दुधी होतो. कॅमेरा आणि मासा यांच्यात जितकं जास्त पाणी, तितका हा पडदा जाड.

फोनचा फ्लॅश लावला तर? तो लेन्सला चिकटूनच असतो, म्हणजे अगदी अप्पर लाइटसारखा. समोरचा प्रत्येक कण चमकतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके येतात. म्हणून पाण्याखाली फोनचा फ्लॅश बंद म्हणजे बंद.

फोन पाण्यात न्यायच्या आधी

"माझा फोन वॉटरप्रूफ आहे" या एका वाक्याने कित्येक फोनचा जीव घेतलाय. म्हणून हा भाग नीट वाचा.

आयपी ६८ मधला पहिला आकडा, म्हणजे ६, धुळीसाठी असतो आणि दुसरा, म्हणजे ८, पाण्यासाठी. ८ चा अर्थ एवढाच, की फोन १ मीटरपेक्षा जास्त खोलीवर तपासलेला आहे. किती खोल आणि किती वेळ, हे प्रत्येक कंपनी स्वतः सांगते. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेतल्या बऱ्याच फोनसाठी दीड मीटर आणि ३० मिनिटं, तर आयफोन १२ पासूनच्या मुख्य मॉडेलसाठी ६ मीटर आणि ३० मिनिटं असे आकडे दिलेले आहेत. दोन्हीकडे आकडा ८ च, पण अर्थ वेगळा!

आणि ही चाचणी होते प्रयोगशाळेत, स्थिर आणि गोड्या पाण्यात. समुद्रात लाटा असतात, तुम्ही हात-पाय मारत असता आणि पाणी खारं असतं. मीठ चार्जिंग पोर्ट आणि स्पीकरच्या जाळीत बसून धातू गंजवतं. फोन एकदा पडलेला असेल, स्क्रीन बदललेली असेल किंवा तो दोन-तीन वर्षं जुना असेल, तर आतलं सील आधीसारखं राहत नाही. वर पाण्यामुळे झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत. तेव्हा आयपी ६८ म्हणजे चुकून पाण्यात पडला तर वाचण्याची सोय समजा. समुद्रात पोहायचा परवाना समजू नका.

मग काय वापरायचं? स्नॉर्केलिंगसाठी चांगला वॉटरप्रूफ पाउच किंवा हार्ड केस. ती वापरायच्या आधी बादली टेस्ट कराच:

१. पाउचमध्ये फोन न ठेवता कोरडा टिश्यू पेपर आणि एखादी जड वस्तू ठेवा.
२. पाउच बंद करून पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवा. अर्धा तास तसाच राहू द्या.
३. बाहेर काढून आधी वरून पुसा, मग उघडा. टिश्यूचा एक कोपरा जरी ओला असला, तरी तो पाउच समुद्रात न्यायचा नाही.

ही टेस्ट प्रत्येक ट्रिपच्या आधी करा, कारण घड्यांवर पाउच हळूहळू फाटत जातो. एक लक्षात घ्या, बादलीत दाब जवळजवळ नसतोच. समुद्रात १० मीटर खाली गेलं की दाब पृष्ठभागापेक्षा दुप्पट होतो. त्यामुळे बादलीत पास झालेला पाउच पृष्ठभागाजवळ पोहायला ठीक, खोल डुबकी मारायला नाही.

आणखी दोन गोष्टी. पाउच कोरड्या जागी बंद करा, नाहीतर आतल्या दमट हवेचं बाष्प थंड पाण्यात प्लॅस्टिकवर जमतं आणि फोटो धुरकट येतात. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची छोटी पुडी आत ठेवली की बराच फरक पडतो. आणि पाउचला तरंगणारा पट्टा लावा. हातातून सुटलेला फोन खाली जायच्या ऐवजी वर आला पाहिजे!

फोटो काढताना काय करायचं?

जवळ जा, झूम करू नका. झूम केल्याने मधलं पाणी कमी होत नाही, फक्त गढूळ चित्र मोठं होतं. शक्य असेल तर विषय हाताच्या अंतरावर असू द्या. पाण्यात गोष्टी आहेत त्यापेक्षा साधारण पाव अंतराने जवळ दिसतात, म्हणून "आलो जवळ" असं वाटल्यावर अजून थोडं पुढे सरका.

वेळ आणि ऊन साधा. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान सूर्य डोक्यावर असतो आणि जास्त प्रकाश पाण्यात शिरतो. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं येतं, त्यामुळे बराच प्रकाश पृष्ठभागावरूनच परत जातो. ऊन तुमच्या पाठीमागून पडेल असे उभे राहा. पाणी कधी साफ असतं हे मात्र बोटीवरच्या दादांना विचारा. भरती-ओहोटी आणि वाऱ्याचा अंदाज त्यांच्याइतका कुठल्याच अ‍ॅपला नसतो.

वरून खाली नको, समोरून घ्या. पाण्यावर तरंगत खालचा फोटो घेतला की मागे फक्त हिरवी-करडी जमीन येते. थोडं खाली जाऊन माशाच्या पातळीवरून किंवा किंचित खालून वर फोटो घ्या. मागे उजळ पाणी आलं की मासा उठून दिसतो.

बटणाने क्लिक करा. पाण्याखाली टचस्क्रीन भरवशाची नसते. पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे स्क्रीनला सगळीकडे बोट लागल्यासारखं वाटतं. पाउचमध्येही खाली गेल्यावर प्लॅस्टिक स्क्रीनवर दाबलं जातं आणि तीच गत होते. म्हणून कॅमेरा बाहेरच सुरू करून ठेवा आणि आवाजाचं बटण शटर म्हणून वापरा. अँड्रॉइडमध्ये हे कॅमेरा सेटिंगमध्ये तपासून घ्या. स्क्रीन लवकर बंद होऊ नये म्हणून स्क्रीन टाइमआउट वाढवा. ब्लूटूथ रिमोटवर विसंबू नका, त्याच्या लहरी पाण्यात लगेच विरतात.

शटर स्पीड वाढवा. पाण्यात तुम्ही हलता, मासाही हलतो. प्रो मोड असेल तर शटर १/१२५ किंवा त्याहून जलद, माशांसाठी १/२५० ठेवा. आयएसओ शक्यतो ४०० च्या खाली. प्रो मोड नसेल तर बर्स्ट मोड वापरा, दहातला एक तरी नीट येतो. किंवा सरळ फोर-के व्हिडिओ काढा. त्यातली एक फ्रेम सुमारे ८ मेगापिक्सेलची असते. मोबाईलवर बघायला आणि छोटी प्रिंट काढायला तेवढी पुरे.

जमलं तर रॉ फोटो काढा. हे थोडं समजून घेऊ. नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. पाण्याखाली लाल रंग एवढा कमी असतो, की तो सगळ्यात खालच्या मोजक्या पायऱ्यांमध्येच बसतो. नंतर तो वर ताणला की पायऱ्यांमधल्या फटी दिसू लागतात, म्हणजेच डाग आणि दाणे. रॉ फाइलमध्ये १२ बिट असतील तर ४०९६ पायऱ्या मिळतात. तोच कमी लाल रंग मग बऱ्याच पायऱ्यांवर पसरलेला असतो आणि ताणला तरी फाटत नाही. शिवाय रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर हवा तसा बदलता येतो. तुमच्या फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ नसेल तर लाइटरूमच्या मोबाईल अ‍ॅपमधला कॅमेरा वापरून बघा, बऱ्याच फोनवर तो रॉ फोटो देतो. रॉ नसेलच, तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्सचा केल्विन आकडा वाढवा किंवा "ढगाळ" हा पर्याय निवडा. फोटो आधीच थोडा उबदार येतो.

प्रकाश सोबत न्या. हरवलेला लाल रंग परत आणायचा खरा मार्ग म्हणजे जवळून प्रकाश टाकणं. ही युक्ती फार जुनी आहे. १९२६ साली अमेरिकेत फ्लोरिडाजवळच्या समुद्रात डब्ल्यू. एच. लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचा पहिला रंगीत फोटो काढला, एका हॉगफिश माशाचा. त्यासाठी त्यांनी पाण्यावर तराफा सोडून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवली होती. आपल्याला एवढं करायची गरज नाही! वॉटरप्रूफ टॉर्च घ्या, पण ती कॅमेऱ्याला चिकटवून धरू नका. हात लांब करून बाजूने, तिरपी धरा. प्रकाश बाजूने आला की कॅमेऱ्यासमोरचे कण चमकत नाहीत. अर्ध्या ते एक मीटरपर्यंतच्या गोष्टींसाठी हे छान चालतं.

आता एडिटिंग: एकेक पायरी

स्नॅपसीड किंवा लाइटरूम, दोन्हींपैकी कुठलंही अ‍ॅप चालेल. लाइटरूममधली काही टूल्स पैसे भरल्यावरच मिळतात, पण सुरुवातीच्या पायऱ्या फुकटात होतात. आधी मूळ फोटोची एक कॉपी बाजूला ठेवा.

पायरी १: व्हाइट बॅलन्स. यातलं ड्रॉपर टूल घ्या आणि फोटोतल्या अशा जागेवर ठेवा जी खरंच पांढरी किंवा राखाडी आहे. जवळची वाळू, राखाडी टाकी, मास्कचा पांढरा पट्टा, असं काहीही. लांबची वाळू घेऊ नका, तिच्यावर पाण्याचा रंग जास्त चढलेला असतो. ड्रॉपरने जमलं नाही तर हाताने करा. निळ्या पाण्याच्या फोटोत टेम्परेचर पिवळ्या बाजूला न्या. हिरव्या पाण्याच्या फोटोत टिंट गुलाबी-जांभळ्या बाजूला नेणं जास्त महत्त्वाचं. मघाशी म्हटलं ना, मालवणचा फोटो आणि अंदमानचा फोटो वेगळा? तो फरक इथे आहे.

पायरी २: लाल रंगाचा कर्व्ह. कर्व्ह्ज टूलमध्ये फक्त लाल चॅनेल निवडा. मागे डोंगरासारखा एक आलेख दिसेल, तो सगळा डावीकडे गोळा झालेला असेल. रेषेचं उजवं टोक हळूहळू डावीकडे सरकवा, जिथे डोंगर संपतो तिथपर्यंत. फोटोत एकदम जीव येतो. त्यापुढे सरकवलं तर वाळू गुलाबी होऊ लागते, मग थोडं मागे या.

पायरी ३: दुधी पडदा काढा. लाइटरूममध्ये डीहेझ १५ ते २५ पर्यंत पुरतं. ते नसेल तर कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा आणि काळ्या छटा थोड्या खाली आणा. डीहेझ १०० वर नेलं की प्रत्येक कण चमकतो आणि पाणी घाण दिसतं.

पायरी ४: पाण्याचा रंग शांत करा. कलर मिक्समध्ये हिरव्या आणि आकाशी रंगाचं सॅच्युरेशन थोडं कमी करा. पाणी पाण्यासारखंच दिसू द्या, ते पूर्ण राखाडी करू नका.

पायरी ५: मास्क वापरा. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि बहुतेक जण हीच पायरी सोडतात. जवळच्या माशाने थोडा लाल गमावलाय, मागच्या खडकाने जवळजवळ सगळा. मग पूर्ण फोटोला एकच स्लायडर कसा चालेल? माशापुरतं बरोबर केलं की मागचं पाणी जांभळं होतं. म्हणून मास्क किंवा सिलेक्टिव्ह टूलने फक्त जवळचा विषय निवडा आणि उबदारपणा तिथेच वाढवा. मागचं पाणी निळं-हिरवं राहू द्या. ते तसंच असतं!

पायरी ६: साफसफाई. पांढरे ठिपके हीलिंग टूलने काढा. नॉइज थोडा कमी करा आणि शार्पनिंग सगळ्यात शेवटी, अगदी हलकं.

झालं? आता मूळ फोटोशी तुलना करा. वाळू राखाडी-पांढरी आणि माणसाची त्वचा माणसाची वाटते का, एवढं बघा. मग फोन पाच मिनिटं बाजूला ठेवा आणि पुन्हा बघा. सलग बघत राहिलं की डोळे चुकीच्या रंगालाही सरावतात.

एका टॅपमध्ये सुधारणारं एआय काय करतं?

आता "एक टॅप करा, फोटो तयार" अशी बरीच अ‍ॅप्स आहेत. काही फोटोंवर ती खरंच छान चालतात. पण ती काय करतात हे माहीत असलेलं बरं.

२०१९ मध्ये डेर्या अक्कायनाक आणि ताली त्रेबित्झ या दोन संशोधकांनी "सी-थ्रू" नावाची पद्धत मांडली. त्यांचा मुद्दा आपल्या पायरी ५ सारखाच होता: प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे कळल्याशिवाय रंग बरोबर परत येणार नाही. म्हणून त्यांनी एकाच दृश्याचे वेगवेगळ्या कोनांतून अनेक फोटो घेतले, त्यावरून प्रत्येक बिंदूचं अंतर काढलं आणि मग पाण्याने खाल्लेला रंग आणि कणांनी मिसळलेला पडदा यांचा वेगवेगळा हिशोब केला. हा खरा हिशोब आहे, अंदाज नाही.

बरीचशी एआय मॉडेल्स मात्र उदाहरणं बघून शिकतात: असा खराब फोटो, असा चांगला फोटो. पण पाण्याखालच्या दृश्याचा "खरा" फोटो आणणार कुठून? समुद्रातलं पाणी तर काढता येत नाही! या कामासाठी खूप वापरल्या गेलेल्या एका संग्रहात ८९० फोटोंच्या जोड्या आहेत. त्यातले "चांगले" फोटो म्हणजे वेगवेगळ्या पद्धतींनी सुधारलेल्या फोटोंपैकी माणसांनी बघून निवडलेले. म्हणजे मॉडेल शिकतं ते लोकांना काय आवडलं हे. तिथे खरोखर कुठला रंग होता, हे त्यालाही माहीत नसतं.

इन्स्टावर टाकायला हे चालतं. पण एखाद्याने प्रवाळाचा फोटो "हे ब्लीच होऊन पांढरं पडलंय" असं सांगत टाकला आणि तो पांढरेपणा फिल्टरचाच असला तर? किंवा उलट, पांढरं पडलेलं प्रवाळ अ‍ॅपने गुलाबी करून टाकलं तर? म्हणून प्रवाळाचे फोटो शेअर करताना मूळ फोटो नेहमी जपून ठेवा.

स्कूबा केलंय? मग फाइल नीट मागा

पहिल्यांदाच स्कूबा करत असाल तर फोन बोटीवरच ठेवा. पहिल्या डाइव्हमध्ये तुमचं लक्ष श्वासावर आणि इन्स्ट्रक्टरच्या खुणांवर हवं. स्कूबात श्वास कधीच रोखून धरायचा नसतो, आणि फोटो काढताना आपण नेमकं तेच करतो. बऱ्याच ठिकाणी सोबतचे दादाच अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने शूटिंग करून देतात.

गडबड होते ती नंतर. हे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जातात आणि व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून छोटे करतं. आधीच कमी असलेला लाल रंग त्यात आणखी पुसला जातो. म्हणून थेट मेमरी कार्डवरून कॉपी घ्या, किंवा "दादा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा ना" असं सांगा. या एका वाक्याने एडिटिंगची अर्धी डोकेदुखी वाचते.

फोटोपेक्षा समुद्र मोठा

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र हा मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे. हे अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये संरक्षण आहे. दगडासारखं दिसणारं प्रवाळ हे जिवंत प्राण्यांचं घर असतं आणि गोल दगडासारखी प्रवाळं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. फोटोसाठी त्यावर उभं राहणं, हात टेकवणं किंवा फिनची लाथ बसणं म्हणजे कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडणं. शिवाय फिन आपटली की गाळ उठतो आणि पुढचे सगळे फोटो गढूळ येतात. माशांना पाव-बिस्किटं टाकून जवळ बोलावू नका, शांत तरंगत राहा. दोन मिनिटांत ते स्वतःच जवळ येतात.

नेहमी पडणारे प्रश्न

लाल फिल्टर घ्यावा का? फिल्टर लाल रंग वाढवत नाही, तो हिरवा-निळा कमी करतो. त्यामुळे फोटो गडद होतो. साधारण ५ मीटरच्या पुढे आणि स्वच्छ निळ्या पाण्यात त्याचा उपयोग होतो. हिरव्या पाण्यासाठी गुलाबी-जांभळा फिल्टर लागतो. पृष्ठभागाजवळच्या स्नॉर्केलिंगला दोन्हींची गरज नाही.

स्विमिंग पूलमध्ये हेच सगळं लागू होतं का? हो, पण पाणी स्वच्छ आणि अंतर कमी असल्यामुळे काम सोपं असतं. सराव करायला पूल उत्तम! बटणाने क्लिक करणं आणि जवळ जाणं तिथेच शिकून घ्या.

पावसाळ्यात जमेल का? कोकणात पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ असतं. त्या दिवसांत जुने फोटो एडिट करा.

समुद्राचं पाणी फोनमध्ये गेलं तर? लगेच बंद करा आणि चार्जिंगला अजिबात लावू नका. फोन चालू होतो का ते बघायचा मोह टाळा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय करू नका, त्याने मीठ निघत नाही, उलट तांदळाची पूड आत जाते. जितक्या लवकर दुरुस्तीला द्याल तितकं बरं. आणि पाउच वापरला असेल तर तो बाहेर आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवा, पुसून कोरडा करा, मगच उघडा. बऱ्याचदा फोन समुद्रात वाचतो आणि किनाऱ्यावर पाउच घाईत उघडताना भिजतो!

थोडक्यात सांगायचं तर

जवळ जा, ऊन पाठीमागे घ्या, फ्लॅश बंद ठेवा, जमलं तर रॉ काढा. एडिटिंगमध्ये आधी व्हाइट बॅलन्स, मग लाल कर्व्ह, मग मास्क. यातलं फक्त एकच लक्षात ठेवायचं असेल तर "जवळ जा" हे ठेवा. कॅमेरा आणि मासा यांच्यातलं पाणी जितकं कमी, तितका फोटो चांगला.

पुढच्या ट्रिपची बॅग भराल तेव्हा आधी बादली काढा आणि पाउच तपासा. आणि गॅलरीत मागच्या ट्रिपचे हिरवे फोटो अजून पडून असतील, तर आज रात्रीच त्यातल्या एकावर या सहा पायऱ्या करून बघा. डिलीट करायची घाई करू नका, त्यात थोडा रंग अजून शिल्लक असेल!